डावी पापणी

मैनाने मूर्तीचं डोकं मांडीवर घेतलं आणि अंगठा डाव्या डोळ्यावरून फिरवला. मग उजव्यावरून फिरवला. मग पुन्हा डाव्यावरून.

"प्रणित, ही पापणी कोणी उतरवली?"

तिचा मुलगा कॉम्प्युटरसमोर बसला होता. "कोण उतरवणार? आत्ता थ्रीडी प्रिंटरमधून काढलंय. कोणाचा हातपण नाय लागला."

"डावी खाली हाय."

"प्लॅस्टिक गरम असताना थोडं इकडंतिकडं होतं, आई."

"इकडंतिकडं नाय. खाली हाय."

प्रणितने उठून ते डोकं हातात घेतलं आणि दारातल्या उजेडाकडे धरलं. केसाएवढा फरक होता. दुसऱ्या कोणाला तो दिसला नसता. पण मैनाने उभा जन्म गणपतीचे डोळे आखण्यात घालवला होता. पापणीची कड जिथे असेल तिथेच डोळ्याची रेघ बसते, आणि ही रेघ बसणार नाही, हे तिच्या बोटांनाच कळलं होतं.

गागोद्याहून लग्न होऊन ती पेणच्या रामवाडीत आली तेव्हा तिला भात लावणं आणि वाल सोलणं एवढंच येत होतं. सासरी गणपतीचा कारखाना. तिचा नवरा महिपती शाडूत चेहरे घडवायचा. त्याने घडवलेल्या एका मूर्तीवरून साचा निघायचा आणि साच्यातून शेकडो मूर्ती. त्यानेच तिला फुटक्या कौलांवर डोळे काढायला शिकवलं. पुष्कळ कौलं रंगवून झाल्यावर एकदा त्याने तिच्यापुढे खरी मूर्ती ठेवली आणि बाहेर निघून गेला. परत आला, मूर्तीसमोर उकिडवा बसला. "गणपती बघतोय," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून कारखान्यातली आखणी मैनाची झाली.

महिपती जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. अर्धांगाचा झटका येण्याआधी त्याने एक चेहरा घडवला होता, तो त्याचा शेवटचा. शाडूचा तो मूळ नमुना मागच्या पावसाळ्यात ओल धरून सोंडेपासून फुटला. त्याआधी प्रणितने मुंबईहून माणूस बोलावून त्याचं स्कॅन करून घेतलं होतं, म्हणून चेहरा कॉम्प्युटरमध्ये तरी उरला. स्कॅनचे तुकडे जोडून एकसंध चेहरा करायचा, हवा त्या मापाचा वाढवायचा, प्रिंटरवर डोकं छापायचं आणि त्यावरून रबरी साचा काढायचा, असा त्याचा बेत होता. पनवेलच्या हरेश नावाच्या व्यापाऱ्याने स्कॅनचा फोटो बघूनच त्या वर्षीचा बहुतेक माल सांगून ठेवला होता. कारखान्यात येणाऱ्या बायकांचं वर्ष आता त्या एका चेहऱ्यावर होतं.

प्रणितने ती फाईल पुसली आणि मूळ स्कॅनपासून सगळं पुन्हा केलं. मूळ स्कॅन पडद्यावर मोठं करून त्याने आईला दाखवलं. दोन्ही पापण्या एका रेषेत होत्या. कॉम्प्युटर दिवसभर घरघरत राहिला. चैत्रातलं ऊन, वर पत्रा. दुसऱ्या दिवशी डोकं छापून निघालं तेव्हा ते हातात घ्यायचीही गरज पडली नाही. पापणी आता लांबूनही दिसत होती. डावा डोळा अर्धा मिटलेला, आणि त्याखालचा गाल किंचित सैल.

तिसऱ्यांदा आणखी थोडी खाली.

प्रिंटरमध्येच दोष असेल म्हणून प्रणितने ती फाईल अलिबागच्या साहिलकडे, त्याच्या मित्राकडे पाठवली आणि त्याच्या प्रिंटरवर छापून आणली. तेच डोकं आलं. म्हणजे प्रिंटरचा दोष नव्हता. जे काही होत होतं ते कॉम्प्युटरच्या आत होत होतं.

डोकी मागच्या फळीवर ओळीने ठेवली होती. मूर्ती घासायचं काम करणारी सगुणा रोज त्या फळीसमोरच बसायची. एका सकाळी तिने आपलं गोणपाट उचललं आणि फळीकडे पाठ करून बसली.

"काय गो, तिकडं अंधार नाय का?" मैनाने विचारलं.

"असूदे अंधार. मी तिकडं तोंड करून नाय बसायची."

"का?"

सगुणा घासत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "लहान मापाचं डोकं प्रणितनं सकाळच्या पारी काढलं, ते सरळ आलं. दुपारी चालवलं की पडतं. तीनदा दुपारी चालवलं, तीनदा पडलं. दुपारचं हितं कोण यायचं, ते मी सांगू काय तुला?"

सांगायची गरज नव्हती. झटक्यानंतर महिपतीचा हात शाडूत चालत नव्हता. पण दुपारी जेवून थोडा पडला की तो काठी टेकत कारखान्यात यायचा आणि दाराजवळच्या खुर्चीत बसायचा. बोलायचा नाही. डाव्या डोळ्याची पापणी पडलेली, एका डोळ्याने सगळ्यांचं काम बघत राहायचा. बायका तेव्हा आपसात हळू बोलायच्या.

प्रणितने ते ऐकलं होतं. "यंत्राचा फॉल्ट हाय," तो म्हणाला. "उगाच काहीतरी पसरवू नको सगुणामावशी." पण त्या दिवशी तो जेवायला घरात आला नाही, आणि फळीवर त्याने एक जुनं पोतं टाकलं.

हरेश आला तो पोतं उचलूनच उभा राहिला. बोलका माणूस, पण एकेक डोकं उचलून नुसतं बघत गेला.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "खोटं नाय सांगत. घरातलं कोणी आजारी माणूस आपल्याकडे बघतंय असं वाटतं. असा गणपती लोक घरी नाय नेणार. अक्षय तृतीयेपर्यंत सरळ चेहरा द्या. नायतर मला दुसरीकडे बघावं लागेल. तुम्हाला वाईट वाटेल, पण माझाही धंदा हाय."

तो गेल्यावर प्रणितने आईसमोर पुट्टीचा डबा आणि पातळ पातं ठेवलं. "तू उचल ना ती पापणी हातानं. रेषाभर पुट्टी लावायची, घासायची. साचा आपण त्यावरूनच काढू."

मैनाने डोकं मांडीवर घेतलं. पुट्टी कालवली. पापणीच्या कडेखाली अंगठा ठेवला आणि तिचा हात तिथेच राहिला. महिपतीला सकाळी चहा पाजताना ती अशीच बसायची. डाव्या हातात कप, उजव्या हाताचा अंगठा त्याच्या पापणीखाली. त्याला दोन्ही डोळ्यांनी अंगण बघायचं असायचं. ती पापणी वर धरायची, तो बघायचा, चहा संपायचा. अंगठा काढला की पापणी परत खाली. तिच्या अंगठ्याला त्या पापणीचं वजन माहीत होतं, आणि आता अंगठ्याखाली जे होतं ते थंड होतं, कडक होतं, पण उतार तोच होता. जिथे उतार सुरू व्हायचा तिथेच सुरू होत होता.

तिने पातं खाली ठेवलं. "माझ्यानं नाय व्हायचं."

"आई, रेषाभर तर—"

"तुला नाय दिसत काय?"

प्रणितने डोक्याकडे पाहिलं. त्याने ते आधीच पाहिलेलं आहे, हे तिला त्याच्या बघण्यावरून कळलं. तो उठून बाहेर गेला. आवारात उभा राहून बराच वेळ फोनवर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी रोह्याहून सॅम्युएल पेणकर आले. आडनाव पेणकर, पण पेणमध्ये त्यांच्या घराण्यातलं कोणीही उरलेलं नव्हतं. कोकणातले ज्यू ते. भावंडं, चुलते, शेजारपाजार, सगळे एकेक करत इस्राएलला गेले. सॅम्युएल मात्र रोह्याजवळ वरसे गावात राहिले. तिथल्या एका केमिकल कंपनीत ते कॉम्प्युटर सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर दुरुस्तीची कामं करत होते. साठी ओलांडलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. कारखान्यात शिरण्याआधी त्यांनी चपला काढल्या.

दुपारची वेळ होती. त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण काढलं, एक पेन ड्राइव्ह लावला, आणि काळ्या पडद्यावर आकडे धावू लागले. "मेमरी तपासतोय," ते म्हणाले. "एकेक घर उघडून बघायचं, आत ठेवलेलं तसंच हाय की नाय."

आकडे पांढरे होते. थोड्या वेळाने एक लाल ओळ आली. मग खाली आणखी एक.

सॅम्युएलनी कोपऱ्यातला टेबलफॅन ओढून कॉम्प्युटरच्या उघड्या पोटाकडे वळवला आणि तपासणी पहिल्यापासून सुरू केली. लाल ओळ आली नाही. बायका काम थांबवून बघत होत्या. त्यांनी फॅन बंद केला. पत्र्याखाली हवा जड होत गेली. सगळे पडद्याकडे बघत राहिले. मग लाल ओळ आली, त्याच जागी.

"उन्हाची वेळ झाली की येते," सगुणा पुटपुटली.

"मेमरीची एक पट्टी खराब हाय," सॅम्युएल म्हणाले. "तापली की त्यातलं एक घर बदलतं. म्हणून सकाळी ठीक, दुपारी चूक."

प्रणितने सुटकेचा श्वास सोडला. "बघितलंस आई? पट्टी."

"पण मग कॉम्प्युटरनं सांगितलं का नाय?" मैना म्हणाली. "एवढं हुशार यंत्र. चूक झाली तर कळत नाय त्याला?"

सॅम्युएलनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग आतल्या प्रोसेसरवर बोट ठेवलं. "हा वाईट नाय, वहिनी. चांगला चपळ हाय. पण मेमरी देईल ते हा घेतो. खरं की खोटं विचारायची सोय ह्याला दिलेलीच नाय."

"विचारणारा असतो?"

"असतो. ह्याचाच भाऊ. एकाच घराण्यातले दोघं. कधीकधी तर आतली चिप एकच असते. हा घरात वापरायचा, तो कंपनीत, बँकेत, सर्व्हरमध्ये. म्हणून बनवणारे एकाला ती सोय चालू ठेवतात आणि दुसऱ्याची बंद करतात. सर्व्हरवाला काही ठेवताना त्याच्यासोबत खूण ठेवतो. परत घेताना खूण जुळली नाय तर काय बदललं ते त्याला कळतं. थोडं बदललं असेल तर आपणच सरळ करतो. जास्त बदललं तर काम थांबवतो. पण खोटं पुढे जाऊ देत नाय."

"म्हणजे तो जास्त फास्ट?" प्रणितने विचारलं.

"उलट हळूच असतो पुष्कळदा. आणि बऱ्याच जणांना चित्र दाखवायची सोयही नसते. पडदा जोडला तरी काळाच. कोणी समोर बसून बघावं म्हणून ते केलेलेच नसतात."

"पट्टी बदलली की भागेल ना?"

"आज भागेल. पुढची पट्टी कधी बिघडली ते तुला कळणार नाय. साचा निघेल, हजार मूर्ती निघतील, लोकांच्या घरी जातील. माझ्याकडे कंपनीतून निघालेला एक सर्व्हर हाय. तुझ्या कामाला तो बरा. विचार कर."

त्यांनी उठून फळीवरचं पोतं बाजूला केलं आणि एक डोकं हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. डोळ्याजवळ नेलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा हळूहळू गेला.

"काय झालं?" मैनाने विचारलं.

"मी बिघडलेल्या फायली खूप बघितल्यात, वहिनी. चूक झाली की चेहऱ्यावर काटा उगवतो. नायतर भोक पडतं, नायतर अर्धं डोकंच गायब होतं. चुकीला हात नसतात." त्यांनी डोकं परत ठेवलं, अगदी सावकाश. "इतकी हळुवार चूक मी कधी बघितली नाय. ती अशी का व्हावी, मला सांगता यायचं नाय."

प्रणितने पोतं परत ओढलं.

सर्व्हर आणायला प्रणित टेम्पो घेऊन निघाला तेव्हा मैना म्हणाली, "मीपण येते." का, ते त्याने विचारलं नाही. नागोठणे मागे पडलं, मग रोह्याच्या कंपन्यांचा तो आंबूस वास आला, आणि थोड्या वेळाने वरसे. चहूकडे नव्या इमारती उठल्या होत्या. त्यांच्यामध्ये सॅम्युएलचं बैठं घर होतं, दाराच्या चौकटीवर ज्यू घरांत असते तशी प्रार्थनेची लहानशी डबी, तिरपी बसवलेली. आत जाताना त्यांनी डबीला बोटं लावून ओठांना लावली.

घरात शिरताच मैनाला एक आवाज ऐकू आला. एकसारखा, खालच्या सुरातला, भिंतीपलीकडे कोणी न थांबता श्वास घेत असावं तसा.

आवाज मागच्या खोलीतून येत होता. पलंग, त्यावर घडी घातलेली गोधडी, भिंतीवर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो. कोपऱ्यात एक काळी, जाडजूड पेटी. पडदा नाही, काही नाही. एक हिरवा दिवा.

"आईची खोली," सॅम्युएल म्हणाले. "तिच्यानंतर इथं हाच राहतो."

"ह्यावर काय काम चालतं?"

"काही नाय. कंपनीत होता तेव्हा सगळं ह्याच्यावर होतं. पगार, माल, हजेरी. कंपनीनं नवीन घेतला आणि हा मला दिला. इथं आणून चालू केला तो बंद केलाच नाय. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायला तयार असतो. आता विचारणारं कोणी नाय."

"मग चालू का ठेवलाय?"

सॅम्युएल थोडे ओशाळले. "हन्ना, माझी बहीण, तिकडून फोन करते तेव्हा विचारते, घरात कसला आवाज येतो. मी सांगतो, फ्रिजचा. घरात आवाज असला की बरं वाटतं."

प्रणित टेम्पो वळवून दारात लावत होता. त्याचा मागे घ्यायचा भोंगा वाजत होता. मैना पेटीजवळ उभी राहिली.

"भाऊ, एक विचारते. हा चूक सरळ करतो म्हणजे पहिलं जसं ठेवलं होतं तसंच परत देतो ना?"

"तसंच."

"मधल्या वेळात कोणी आलं असंल, कोणी त्याला हात लावला असंल, तर?"

सॅम्युएलना प्रश्न कळला. सगुणाचं बोलणं त्यांच्या कानावर आलं असावं, किंवा आलं नसतानाही त्यांना तो कळला. ते पलंगाच्या कडेवर बसले.

"तर तो त्याला बाहेर काढतो, वहिनी. ह्याला आपलं परकं समजत नाय. ठेवलं होतं ते आणि सापडलं ते, एवढंच समजतं." मग म्हणाले, "तुम्ही नको म्हणालात तर मी मुलाला सांगतो की सर्व्हर विकला गेला. नुसती पट्टी बदलून देतो. नायतर तीपण नको."

मैनाने बाहेर पाहिलं. प्रणित टेम्पोचं फाळकं उघडत होता. बापासारखाच, एका खांद्याने रेटा देऊन.

"त्यानं घडवला तो चेहरा सरळ होता," ती म्हणाली. "धडधाकट असताना घडवला होता. लोकांनी तोच बघायला पाहिजे. द्या तुम्ही."

सॅम्युएलनी खाली वाकून बटण दाबून धरलं. हिरवा दिवा गेला. आवाज एकदम थांबला नाही. उतरत उतरत गेला आणि मग घरात इतकी शांतता झाली की मैनाला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज मोठा वाटला. सॅम्युएल पेटीवर हात ठेवून तसेच वाकून उभे होते. प्रणित "उचलायचं का?" म्हणत आत आला तेव्हा ते सरळ झाले.

सर्व्हर कारखान्याच्या मागच्या लहान खोलीत बसला. मेमरीच्या पट्ट्या सॅम्युएलनी नव्या घातल्या. प्रणितने तो आपल्या लॅपटॉपला जोडून घेतला. भर दुपारी, पत्रा तापलेला असताना, त्याने मुद्दाम काम लावलं. जुन्या कॉम्प्युटरपेक्षा वेळ जास्त लागला. डोकं छापून झालं, प्रणितने ते दोन्ही हातांनी आणून आईच्या मांडीवर ठेवलं.

तिने अंगठा फिरवला. डावी. उजवी. डावी.

"सरळ हाय," ती म्हणाली.

बायका हसल्या, बोलू लागल्या. सगुणाने आपलं गोणपाट उचलून जुन्या जागी आणलं. प्रणित हरेशला फोन लावायला बाहेर धावला. मैनाने ते डोकं उजेडात धरलं. सुंदर चेहरा होता. महिपतीच्या हाताचा, त्याच्या चांगल्या दिवसांतला. त्यात कुठेही तो नव्हता.

पापणी पडलेली डोकी फोडायची होती. व्यंग असलेला चेहरा कारखान्यात ठेवत नाहीत. प्रणितने ती मागच्या अंगणात नेली, हातोडा घेतला आणि उभाच राहिला. मैना दारात आली.

"मी नाय बघू शकत त्याच्याकडं," प्रणित म्हणाला.

"आधी कापड टाक."

त्याने खांद्यावरचा पंचा पसरला. मैनाने त्याच्या कडा नीट केल्या, कुठूनही काही दिसणार नाही अशा. "मार आता." तो मारत असताना ती तिथेच उभी राहिली. नंतर तुकडे तिने स्वतः गोळा केले.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. प्रणित सर्व्हरवर वेगवेगळ्या मापांची डोकी काढत होता, त्यांच्या साच्यांतून मूर्ती निघत होत्या, घासल्या जात होत्या, रंगत होत्या. त्या चेहऱ्याला मागणी आली. हरेश दोनदा टेम्पो भरून घेऊन गेला. पाऊस लागून हवा थंड झाली.

आषाढाच्या शेवटी सॅम्युएल पेणला काही कामाने आले ते कारखान्यात डोकावले. सर्व्हरची धूळ झटकली, प्रणितच्या लॅपटॉपवर काहीतरी उघडून वाचत बसले. मैनाने त्यांच्यापुढे चहा ठेवला, तो निवत राहिला.

"काय बिघडलं काय?" प्रणितने विचारलं.

"बिघडलं नाय. ठीक चाललाय." सॅम्युएलनी चष्मा काढून पुसला. "कुठे चूक सरळ केली की हा तशी नोंद ठेवतो. वर्षातून एखादी असते. इथं जवळजवळ रोज हाय."

"पट्टी परत खराब?"

"नवी हाय. तरी मागच्या महिन्यात तू लॅपटॉपची जोडणी बघायला बोलावलंस तेव्हा मला थोड्या नोंदी दिसल्या होत्या, म्हणून मी पट्ट्या बदलूनच गेलो होतो. तुला बोललो नाय. ह्या दुसऱ्या. तरी तेच." ते थांबले. "आणि आता तर ऊनही नाय."

"किती वाजता होतं?" मैनाने विचारलं.

"दुपारचंच."

प्रणित आईकडे बघेना. "पण मूर्ती तर सरळ येतायत."

"येणारच. हा सरळ करतोय ना. काळजीचं काही नाय." सॅम्युएल हे प्रणितला सांगत होते, बघत होते मैनाकडे.

बाहेर टेम्पो आला म्हणून प्रणित गेला. मैना खाली बसली.

"भाऊ, सरळ करायचं बंद करता येतं?"

"येतं. आतमध्ये एक सेटिंग असतं. मग हापण त्या पहिल्यासारखाच होईल. देईल ते घेईल." ते वाट बघत राहिले. "करू?"

दारातून पुढचा कारखाना दिसत होता. फळ्यांवर मूर्ती ओळीने बसल्या होत्या, पांढऱ्या, अजून डोळे नसलेल्या. सगुणा त्यांच्यामधून हात फिरवत चालली होती. पावसाचा उजेड होता, कुठेच सावली पडत नव्हती.

"नको," मैना म्हणाली. "लोकांच्या घरी बसायचंय त्यांना."

सॅम्युएलनी मान हलवली. निवालेला चहा एका घोटात संपवला आणि ते उठले.

दुसऱ्या दिवशी मैनाने आपला पाट, रंगांच्या वाट्या आणि कुंचले सर्व्हर होता त्या मागच्या लहान खोलीत नेले. तिथे एकच झरोका होता. "हितं कसं दिसंल गो तुला?" सगुणा म्हणाली. प्रणितने वायर ओढून तिच्या डोक्यावर एक दिवा लावून दिला.

तेव्हापासून ती तिथेच बसते. पुढून एकेक मूर्ती आत येते आणि डोळे घेऊन बाहेर जाते. दुपारची जेवणं होतात, बायका आडव्या होतात, कारखाना शांत असतो. पेटीचा आवाज खालच्या सुरात चालू असतो. कधीतरी, आत काही सरळ करावं लागत असावं तसा, तो जरासा वर चढतो. त्या वेळी मैनाने उजवा डोळा आखलेला असतो आणि डावा राहिलेला असतो. ती कुंचला मूर्तीपासून दूर, हवेत धरून थांबते. आवाज पुन्हा खाली येईपर्यंत तशीच बसते. मग वाटीच्या काठावर कुंचला निरपते आणि डावा डोळा उघडते, पहिल्यासारखाच, एका रेषेत.